गुलिस्ताँच्या वाटेवरचे गाव

आमच्या आजोबांच्या पिढीत फारसी शिकायची म्हणजे आधी ‘करीमा’, मग ‘गुलिस्ताँ’, मग ‘बोस्ताँ’ असा क्रम ठरलेला असे. आजोबांची ‘गुलिस्ताँ’ची प्रत आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत होती. पाने पिवळी पडलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. मला फारसी जेमतेम येते, पण त्या पेटीतल्या पुस्तकाबद्दलची ओढ लहानपणापासून आहे. पुढे कॉलेजात असताना कुठेतरी वाचले, की शेख सादीच्या या ग्रंथाचे जर्मन भाषांतर १६५४ साली छापले गेले. १६५४! म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्याही वीस वर्षे आधी. आणि ते कुठल्या मोठ्या विद्यापीठात झाले नव्हते, तर उत्तर जर्मनीतल्या एका छोट्या ड्यूकच्या दरबारात झाले होते. शिराझचा सादी तिथपर्यंत पोचला तरी कसा, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षे पडून होता. त्याचे उत्तर शोधता शोधता एका गावाशी ओळख झाली. त्या गावाचे नाव फ्रीडरिखश्टाट. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या मोठ्या खेड्याची असते तेवढी.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याकडे हॅम्बुर्गला जाण्याचा योग आला. तो तिथे नोकरीला आहे. त्याला वाटत होते, मामूला बंदर दाखवावे, दुकाने दाखवावीत. मी म्हटले, मला फ्रीडरिखश्टाटला ने. तो म्हणाला, ते काय आहे? हॅम्बुर्गच्या आल्टोना स्टेशनवरून उत्तरेकडे समुद्राच्या बाजूने जाणारी गाडी पकडली, की साधारण दोन तासांत हे गाव येते. वाटेत सगळा सपाट हिरवा मुलूख, चरणाऱ्या गाई आणि पवनचक्क्या. डोंगर नावाला नाही. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला अशा सपाट मुलखात थोडे उघड्यावर पडल्यासारखे वाटते.

हा प्रदेश श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यातला. गाव वसले आहे दोन नद्यांच्या मध्ये. मोठी आयडर आणि तिला मिळणारी ट्रेने. समुद्राची भरती आयडरमधून आत घुसून शेते बुडवीत असे, म्हणून १५७० मध्ये ट्रेनेच्या मुखाशी बांध घालून पाणी सोडण्यासाठी दरवाजे बसवले गेले. बांधाच्या आतली ती ओलसर, मोकळी जागा पुढे पन्नास वर्षांनी एका तरुण राजाच्या नजरेत भरली.

त्याचे नाव फ्रीडरिख तिसरा, गोटोर्फचा ड्यूक. राज्य लहान, पण स्वप्ने मोठी. हॅम्बुर्ग व्यापारावर गब्बर होत होते आणि याच्याकडे पश्चिमेच्या समुद्रावर सांगण्यासारखे बंदर नव्हते. बंदर बांधायचे तर पैसा हवा, दर्यावर्दी हवेत, पाणी अडवणारी आणि कालवे खोदणारी माणसे हवीत. हे सगळे गुण एका ठिकाणी होते, ते म्हणजे हॉलंडमध्ये. आणि नेमक्या त्याच वेळी हॉलंड आपल्याच काही उत्तम माणसांना घराबाहेर काढत होते.

ती भानगड थोडी सांगायला हवी. याकोबस आर्मिनिउस नावाचा एक डच धर्मपंडित होता. वाद होता तो नशिबाचा. कोण तरणार आणि कोण बुडणार हे ईश्वराने आधीच ठरवून टाकले आहे, माणसाच्या हातात काही नाही, असे त्या काळच्या कट्टर कॅल्व्हिनपंथीयांचे म्हणणे. आर्मिनिउस म्हणे, ईश्वराची कृपा सर्वांसाठी आहे, ती घ्यायची की नाकारायची हे माणसावर आहे. हा झगडा मला परका वाटला नाही. इस्लामच्या पहिल्या शतकांत ‘जब्र’ आणि ‘कद्र’ यांवरून विद्वानांची हीच जुंपली होती. आपल्याकडे प्रारब्ध थोर की प्रयत्न, यावर पारावर आजही तास-दोन तास सहज जातात. पारावरचा वाद चहावर मिटतो. हॉलंडमध्ये तो राजकारणात शिरला. आर्मिनिउस १६०९ मध्ये वारला. त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये सरकारकडे पाच कलमांचे निवेदन दिले, त्यावरून त्यांना ‘रेमॉन्स्ट्रंट’ म्हणजे निवेदनवाले हे नाव पडले. १६१८-१९ च्या डोर्टच्या धर्मसभेने त्यांना पाखंडी ठरवले. त्यांची पाठराखण करणारा वयोवृद्ध मुत्सद्दी योहान फान ओल्डेनबार्नेफेल्ट याचा मे १६१९ मध्ये शिरच्छेद झाला. तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता. कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस याला जन्मठेप झाली. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही, हे पोर्तुगिजांना ऐकवणारा, पूर्वेच्या सागरी व्यापाराच्या वादातून जन्मलेला ग्रंथ लिहिला तो हाच ग्रोशियस. मार्च १६२१ मध्ये त्याच्या बायकोने त्याला पुस्तकांच्या पेटाऱ्यात बसवून तुरुंगाच्या किल्ल्यातून बाहेर काढले. पहारेकऱ्यांना वाटले, पंडिताची पुस्तके परत चालली आहेत. पुस्तकांनी माणसाचा जीव वाचवल्याची इतकी सरळ गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

तर या निवेदनवाल्यांना ड्यूक फ्रीडरिखने बोलावणे धाडले. इथे या, शहर वसवा, आपल्या पद्धतीने प्रार्थना करा, तुम्हाला कुणी त्रास देणार नाही. २४ सप्टेंबर १६२१ रोजी विलेम फान डेन होफे या डच गृहस्थाने पहिल्या घराचा पाया घातला आणि शहराला ड्यूकचे नाव मिळाले. त्या दिवशी ड्यूकचे वय होते तेवीस.

लक्षात घ्या, हा तीस वर्षांच्या युद्धाचा काळ आहे. १६१८ ते १६४८ या काळात जर्मन भूमीवर कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचे गळे कापत होते. गावेच्या गावे ओस पडत होती. अशा वेळी एक राजा म्हणतो, की माझ्या शहरात कुणीही या. आपल्याला लगेच वाटते, किती उदार मनाचा राजा! मीही आधी तसेच समजत होतो. पण कागदपत्रांचा अभ्यास करणारे सांगतात, की ड्यूकचे मन उदार होते की नाही ते असो, त्याचा हिशेब पक्का होता. निवेदनवाल्यांपाठोपाठ १६२३ मध्ये मेनोनाइट आले. हा पंथ शपथ घेत नाही आणि शस्त्र धरत नाही. त्यांना दोन्हींतून सूट मिळाली. कॅथॉलिकांना पूजेची मुभा मिळाली, ती स्पेनशी व्यापार करायचा होता म्हणून. १६७५ पासून ज्यू कुटुंबे येऊ लागली. क्वेकरही होते. त्यांचा संस्थापक जॉर्ज फॉक्स १६७७ मध्ये या गावी स्वतः येऊन गेला. ड्यूक आणि त्याची बहुसंख्य प्रजा मात्र ल्यूथरची.

या उदारपणाला सीमा होती, हेही सांगितले पाहिजे. पोलंडमधून हाकललेले ‘पोलिश बंधू’ १६६२ मध्ये इथे आसऱ्याला आले. हे लोक येशूला देव मानत नसत, ईश्वर एकच म्हणत. तोवर फ्रीडरिख वारला होता, मुलगा गादीवर होता. ल्यूथरपंथी धर्मगुरूंनी ओरड केली आणि वर्षभरातच त्या पाहुण्यांना पुन्हा बोचकी बांधावी लागली. गावाच्या गौरवाची पुस्तिका वाचताना हा प्रसंग सहसा एका ओळीत उरकलेला असतो.

आता शेख सादीकडे येतो. ड्यूकचा सगळ्यात मोठा बेत होता इराणी रेशमाचा. इराणचे रेशीम रशियातून, व्होल्गा नदीच्या वाटेने आणून बाल्टिक समुद्रावर उतरवायचे आणि तिथून युरोपला विकायचे. त्यासाठी १६३३ मध्ये त्याने एक शिष्टमंडळ रशियाकडे आणि पुढे इराणच्या शाह सफीच्या दरबाराकडे रवाना केले. पुढारी होता ओटो ब्रुगेमान नावाचा हॅम्बुर्गचा व्यापारी. चिटणीस होता अॅडम ओलेआरिउस, मोठा विद्वान. बरोबर पाउल फ्लेमिंग नावाचा एक तरुण कवीही होता. सरकारी शिष्टमंडळात कवीला जागा मिळत होती, असा तो काळ! कॅस्पियन समुद्र ओलांडण्यासाठी त्यांनी रशियात एक जहाज बांधून घेतले आणि त्याला ड्यूकचेच नाव दिले, ‘फ्रीडरिख’. ते १६३६ मध्ये कॅस्पियनच्या किनाऱ्यावर वादळात फुटले. १६३७ च्या उन्हाळ्यात मंडळी इस्फहानला पोचली. बोलणी झाली, मेजवान्या झाल्या, पण रेशमाचा धागाही हाती आला नाही. रशियाच्या झारला वाटेचा मोबदला अवाच्या सवा हवा होता. शिवाय इराणच्या दक्षिण किनाऱ्यावरून डच कंपनीची जहाजे रेशीम उचलतच होती. परत आल्यावर ब्रुगेमानवर खटला झाला आणि १६४० मध्ये त्याचे डोके उडवले गेले. फ्लेमिंगही त्याच वर्षी वारला. वय अवघे तीस.

एवढ्या खटाटोपातून गोटोर्फला काय मिळाले? एक ‘गुलिस्ताँ’ मिळाले. ओलेआरिउस फारसी शिकून आला होता. शाहचे वकील परतभेटीला गोटोर्फला आले, तेव्हा त्यांच्यातला हकवर्दी नावाचा एक इराणी तिथेच राहिला आणि ख्रिस्ती झाला. त्याच्या मदतीने ओलेआरिउसने सादीचा ग्रंथ जर्मनमध्ये आणला. माझ्या प्रश्नाचे उत्तर असे होते. रेशमाच्या वाटेने निघालेल्या माणसांच्या झोळीत परतताना कविता होती. खजिनदाराच्या वहीत हा व्यवहार बुडीत खात्यात गेला असणार. मला विचाराल तर ड्यूकने केलेला एवढाच एक सौदा फायद्याचा झाला.

याच शिष्टमंडळातला योहान आल्ब्रेश्ट फॉन मांडेल्स्लो हा उमदा तरुण इस्फहानहून परत फिरलाच नाही. तो हिंदुस्थानकडे निघाला. १६३८ मध्ये सुरतेला उतरला, अहमदाबाद आणि आग्रा पाहिले आणि १६३९ च्या सुरुवातीला इंग्रजांच्या जहाजातून गोव्याला आला. तेव्हा शिवाजी महाराज नऊ वर्षांचेही नव्हते. देहूला तुकोबा हयात होते. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरून एक जर्मन माणूस जातो आहे आणि त्याला धाडणाऱ्या राजाने आयडरकाठी पेढ्यांचे शहर बांधून जहाजांची वाट पाहत ठेवले आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आले की मला मौज वाटते. मांडेल्स्लो १६४४ मध्ये पॅरिसला देवीच्या आजाराने गेला. त्याचे प्रवासवर्णनही ओलेआरिउसनेच छापून काढले.

शहर मात्र वाट पाहतच राहिले. हॅम्बुर्गला मागे टाकणारे बंदर काही झाले नाही. तिकडे हॉलंडमध्ये १६२५ नंतर हवा बदलली आणि निवेदनवाल्यांपैकी पुष्कळ जण मायदेशी परतले. युद्धाने १६२७ मध्ये या भागालाही झोडपले. १६३४ च्या ऑक्टोबरात आलेल्या महापुराने तर उत्तर फ्रिसियाचा किनाराच फाडून टाकला आणि हजारो माणसे बुडाली. नकाशावर जेवढे शहर आखले होते तेवढे कधी वाढलेच नाही. एका परीने ते बरे झाले. वाढले असते तर आज पाहायला काही उरले नसते.

स्टेशनवरून चालत गेलो, की कालवा लागतो आणि आपण जर्मनीत आहोत हे विसरायला होते. सरळ आखलेले रस्ते, त्यांना समांतर पाणी, पाण्यावर छोटे पूल, काठाला झाडे. चहूकडून नद्या आणि कालव्यांनी वेढल्यामुळे गाव बेटासारखे दिसते. बाजारचौकाच्या पश्चिम अंगाला पायऱ्यापायऱ्यांच्या शिरोभागाची घरे एका रांगेत उभी आहेत, एकमेकांना खांदा लावून. दारांवर दगडात कोरलेली चित्रे दिसतात. ही घरांची खूण. घराला नंबर नव्हता, तेव्हा चित्रावरून पत्ता सांगत. पालुडानुस नावाच्या व्यापाऱ्याचे १६३७ मधले घर अजून दिमाखात उभे आहे.

मला सगळ्यात आवडली ती ‘जुनी टांकसाळ’. १६२६ मधली लाल विटांची देखणी इमारत. नाव टांकसाळ, पण इथे नाणे कधी पाडले गेलेच नाही. बेत होता, तो बेतच राहिला. आता त्या वास्तूत गावाचे संग्रहालय आहे आणि मागच्या बाजूला मेनोनाइटांचे प्रार्थनागृह. साधी खोली, ना चित्र ना मूर्ती. या दालनात डॅनिश भाषिक ल्यूथरपंथीयांचीही प्रार्थना होते. हा भाग कित्येक शतके डेन्मार्कच्या छायेत होता, १८६४ च्या युद्धानंतर प्रशियाकडे गेला. म्हणून डॅनिश बोलणारे लोक इथे अजून आहेत. दोन पंथ, एक छत.

ल्यूथरपंथीयांचे सेंट क्रिस्टोफोरस चर्च १६४० च्या दशकातले. त्यातले वेदीचित्र युर्गेन ओव्हेन्स या चित्रकाराचे आहे. तो गोटोर्फचा दरबारी चित्रकार, रेम्ब्राँटचा शिष्य मानला जातो आणि या गावात राहत होता. क्रुसावरून उतरवलेल्या येशूभोवतीचा शोक त्याने रंगवला आहे. मी बराच वेळ पाहत उभा होतो. मोहरममधले मर्सिये ऐकत वाढलेल्याला शोकाचे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

निवेदनवाल्यांचे चर्च मात्र जुने नाही. मूळचे १६२४ चे होते. १८५० मध्ये डॅनिश फौजेने गाव धरून ठेवले होते आणि ते सोडवायला आलेल्या श्लेस्विग-होल्श्टाइनच्या सैन्याने सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यावर तोफा डागल्या. सोडवायला आलेल्यांनीच गाव जाळले! त्यात चर्च गेले, नगरभवन गेले, शेकडो घरे मोडली. गाव हाती लागले नाही ते नाहीच. आजचे चर्च १८५४ चे आहे. हॉलंडबाहेर या पंथाची अशी मंडळी दुसरीकडे नाही. आजही तिथल्या उपासनेसाठी हॉलंडहून धर्मगुरू येतो. चारशे वर्षांपूर्वी ज्या देशाने यांना हाकलले, तिथूनच.

हे सगळे पाहून होईतो दुपार कलली होती. भाचा म्हणाला, मामू, तुझे चर्च संपले असतील तर काहीतरी खाऊ या. मी म्हटले, एक राहिले आहे.

ते चर्च नव्हते. कालव्याकाठी १८४० च्या दशकात बांधलेले ज्यूंचे सिनेगॉग होते. एकोणिसाव्या शतकात फ्रीडरिखश्टाटमधली ज्यू वस्ती या सबंध मुलखात मोठी मानली जाई. दुकानदार, खाटीक, कापडवाले, गावच्या व्यवहारात मुरलेले लोक. पुढे ज्यूंना कुठेही राहायचा हक्क मिळाल्यावर बरेच जण हॅम्बुर्गसारख्या शहरांकडे गेले, तरी काही घराणी इथेच राहिली. १९३३ मध्ये हिटलर आला. नोव्हेंबर १९३८ च्या त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी जर्मनीभर सिनेगॉगे जळत होती. इथले जाळले नाही. कारण घरे इतकी लागून होती, की आग शेजाऱ्यांच्या घरांना लागली असती. म्हणून आतून मोडतोड करून ते उद्ध्वस्त केले. ज्यूंची घरेदारे फोडली. पुढच्या काळात जे निघून गेले ते वाचले. राहिलेल्यांना आणि मोठ्या शहरांत आसरा शोधणाऱ्या अनेकांना छळछावण्यांत पाठवले गेले. सिनेगॉगच्या इमारतीचे नंतर राहते घर झाले.

रांगेतली ती घरे मी सकाळपासून कौतुकाने पाहत होतो. खांद्याला खांदा लावलेली, असे मीच मघाशी म्हटले. हिशेब इथेही होता. शेजाऱ्याचे छप्पर वाचवायचे होते, शेजाऱ्याला नव्हे. एका ड्यूकने फायद्यासाठी परक्यांना बोलावले, फायदा झाला नाही, तरी माणसे तीनशे वर्षे एका गावात नांदली. एवढ्या वर्षांत काही मुरले असेल, असे आपण धरून चालतो. किती मुरले होते, ते त्या दिवशी दिसले. मी कवी आहे, इतिहासकार नाही. पण मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ‘तुम्ही मराठी इतके चांगले कसे बोलता?’ असे अजूनही कुणीतरी कौतुकाने विचारतो, तेव्हा हे गाव मला आठवते. विचारणारा भला असतो, म्हणून मी हसून उत्तर देतो.

पुढे गावाने ती इमारत मिळवली, दुरुस्त केली. २००३ पासून तिथे स्मृतिस्थळ आणि सांस्कृतिक केंद्र आहे. मैफली होतात, व्याख्याने होतात. आम्ही गेलो तेव्हा आत फार कुणी नव्हते. एक बाई शाळेच्या मुलांना काहीतरी समजावून सांगत होती आणि मुले, जगातल्या सगळ्या मुलांसारखी, खिडकीबाहेर बोट पाहत होती.

बाहेर पडल्यावर भाच्याचा पाय अडखळला नाही, पण थांबला. फरसबंदीत तळहाताएवढ्या पितळी पाट्या बसवल्या आहेत. ज्या घरातून माणसे नेली गेली, त्या घरासमोर. वरच्या दारावर शतकापूर्वीचे दगडी चित्र, खाली पायाशी ही पाटी. भाच्याला जर्मन चांगले येते. तो उकिडवा बसला, हाताने धूळ पुसली आणि मला एकेक शब्द मराठीत सांगू लागला. नाव, जन्माचे साल, नेल्याचे साल, छावणीचे नाव. सगळ्यात वरची ओळ त्याने शेवटी वाचली. तिथे लिहिले होते, ‘इथे राहत होते’.